अकरावा डोस

जानेवारीत पहिला खोका आला तेव्हा
सीपीआरच्या मागच्या दाराशी कुणीतरी नारळ फोडला.
मी सही करत होतो: प्राप्त, तापमान चार अंश.
पाणी उडून शाई फुटली.
ती नोंद अजून तशीच आहे, निळी, पसरलेली.

फेब्रुवारीत चहाच्या गाड्यावर, टीव्हीत,
कुठल्याशा बेटावरच्या विमानतळावर
तोच खोका उतरला.
तोच पांढरा थर्माकोल, तीच चिकटपट्टी,
फक्त वर झेंडा, आणि स्वागताला टाय लावलेले मंत्री.
"आपलाच हाय की वो," आप्पासो भोसगे म्हणाले,
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं साचे भरलेले,
आणि त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यांनी दिले.

आमच्याकडं शेजारी वाटी जाते ती भरून जाते,
परत येते तीही रिकामी येत नाही,
निदान तळाला चिमूटभर साखर.
मला वाटायचं, परराष्ट्र धोरण म्हणजे एवढंच असणार,
जरा मोठ्या टेबलावर मांडलेली वाटी.

मग एप्रिल.
फौंड्रीतली सिलिंडरं टेम्पोतून इस्पितळात आली.
ज्यानं लोखंड कापायचं
ते माणसं छातीत मागत होती.
मी रोज सकाळी पाटीवर खडूनं लिहायचो: लस संपली.
आप्पासो पहाटे चारला येऊन
रांगेत चप्पल ठेवून जायचे.
तीनदा मी त्यांना पाटी दाखवली.
चौथ्या दिवशी फक्त चप्पल होती.
आठवडाभर तिथंच होती,
रांग तिला वळसा घालून पुढं सरकायची.

एका रात्री वहीच्या मागल्या पानावर हिशेब मांडला:
इतके लाख बाहेर गेले,
इतके हजार आमच्या जिल्ह्याला.
भागाकार केला, आणि पान फाडलं.
आप्पासोंना तो भागाकार आवडला नसता.
का, ते मला अजून सांगता येत नाही.

मेमध्ये वाटी परत आली म्हणायची.
प्राणवायूची यंत्रं, लाकडी पेटीत,
सूचना अशा लिपीत की भिंग धरलं तरी मुकाट.
चित्रं बघून जोडली.
पहिलं सुरू झालं ते म्हशीसारखं घोरलं,
आणि वॉर्डात कुणीतरी चक्क हसलं.

निर्यात थांबल्याची मात्र बातमीत एकच ओळ होती.
त्या ओळीचा माणूस माझ्या खिडकीशी आला:
दिलबहादूर, लक्ष्मीपुरीत रात्री शिट्टी मारत फिरणारा.
मोबाईलवर फोटो. डोंगरातली शाळा,
बाकावर बसलेली त्याची आई, दंडावर कापूस.
"साब, आईला पैला मिळाला, तुमचा. दुसरा कधी?"

तुमचा, म्हणाला.
माझ्या वहीत बारा तालुके होते.
त्याच्या डोंगराला रकाना नव्हता.
आणि अख्ख्या जगातून मला जाब विचारायला
एवढा एकच परदेश आला होता,
हातात काठी, गळ्यात शिट्टी.

कुपीत दहा डोस असतात.
पण गंगावेशीच्या कट्ट्यावर माप भरल्यावर
गवळी वर एक धार सोडतो, हिशेबाबाहेरची,
तसा तळाशी कधीकधी अकरावा निघतो.
सिस्टर दिलशाद मुजावर कुपी उलटी करून
उजेडात धरते, श्वास रोखून ओढते.
अर्धा मिली. बरोबर.

"बाही वर कर," ती त्याला म्हणाली.
त्यानं केली. मग सुईकडं बघत म्हणाला,
हाच तिला पाठवता आला असता तर.
दिलशादनं कापूस दाबला.
मी डबा बंद केला. चार अंश.

रात्री साडेबाराला शिट्टी ऐकू आली,
मग लांबून,
मग आणखी लांबून, बिंदू चौकाकडून.